उतारावरचा संसार

गॅरेजच्या बाकावर स्कूटरची वाट बघत बसलेल्या शिंपीणबाईंनी मासिक उघडलं होतं खरं, पण कान शेजारच्या नवरा-बायकोकडेच होते.

“स्टार्टर बिघडला नव्हता गं. जरा रुसला होता.”

“इतकी वर्षं?”

“उतारावर लावली की गाडी बिनतक्रार सुरू व्हायची ना?”

“म्हणून तर प्रत्येक सुट्टीत डोंगर! गाडीत झोपायची एवढी छान सोय, पण रात्रभर मी आपली घरंगळत तुमच्या अंगावर.”

“तेव्हा बरी तक्रार केली नाहीस!”

“समुद्र दाखवा म्हटलं, तर म्हणे तिथं सगळं सपाट.”

“मग? सपाटीवर धक्का कोण मारणार?”

“आजवर कोण मारत आलंय? अहो, घर घेतानासुद्धा लोक हवा-उजेड बघतात. तुम्ही दारात गोटी सोडून बघितलीत!”

“घरंगळली की नाही छान?”

तेवढ्यात मेकॅनिक हात पुसत आला.

“काका, नवा स्टार्टर बसवलाय. नुसती चावी फिरवा.”

“गाडी कुठे उभी आहे?”

“मागच्या अंगणात.”

“तिथं उतार आहे ना?”

बायको उठली.

“चावी माझ्याकडे द्या हो. आणि समुद्राचा रस्ता तेवढा सांगा. हे येतील मागून, धक्का मारत.”