समोर तोफा, समोर वारा

आमचा मित्र श्रीधर तेव्हा गंगापूर रोडवरच्या खोलीत बसून संगणकासाठी आरमारी लढाईचा खेळ रचत होता. मी तो पाहून म्हणालो, “अरे, मराठ्यांची गुराब, म्हणजे शिडाचं मोठं लढाऊ जहाज, पुढच्या टोकावरून तोफा डागायची. तू सगळ्या बाजूंना लावल्यास.”

आठवड्याने त्याने बोलावले. “गुराब तुझी, इंग्रजी जहाज माझं. हरेल त्याच्याकडून मिसळ.”

तोफा खरोखरच पुढे होत्या. मी शत्रूवर सरळ चालून गेलो आणि गुराब जागीच थांबली.

“बिघडली की काय रे?”

“वारा समोरून आहे. शिडाचं जहाज वाऱ्याच्या तोंडात जाईल कसं? तुला सगळं खरं हवं होतं ना?” असे म्हणत त्याने माझ्यावर भडिमार केला.

बुडता बुडता मी म्हणालो, “पण अशा वेळी गुराब ओढायला वल्ह्यांची गलबतं असायची.”

“असायची,” श्रीधर शांतपणे म्हणाला. “ती अजून बांधायची आहेत.”