साचा कोणी फोडला

मी मूळचा कोल्हापूरकडचा. वडील गुळव्या होते, म्हणजे गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळतो तेव्हा ती कधी उतरवायची हे सांगणारा माणूस. नुसत्या बुडबुड्यांकडे बघून म्हणायचे, घ्या उतरून, आणि अख्खं गुऱ्हाळ ऐकायचं. मी त्यांचं काम शिकलो नाही, आयटीआय केलं, पंचविसाव्या वर्षी इकडे इंग्लंडला आलो, क्रॉयडनला बसच्या गॅरेजमध्ये फिटर म्हणून पस्तीस वर्षं काढली, पण पाकाचा विषय निघाला की मी गुळव्याचा मुलगा, माझी मान ताठ. ती ताठ मानच नडली, काय सांगू तुम्हाला.

आमचा मुलगा निखिल कार्डिफला हॉस्पिटलात नोकरीला आहे. त्याची बायको सोजिन, कोरियातली, बुसानची. लग्नानंतर पहिलं वर्ष दोघं आमच्याकडेच राहिली. सोजिनने येताना आजीचा एक लाकडी साचा आणला होता, दाशिकचा. दाशिक म्हणजे तीळ भाजायचे, कुटायचे, मधात मळायचे आणि साच्यात दाबून फुलाच्या नक्षीच्या वड्या पाडायच्या. पाक नाही, काही नाही. त्यांच्या नवीन वर्षाला, सोल्लालला, त्या आधी पूर्वजांपुढे ठेवतात आणि मग आपण खायच्या. काळे तीळ बघून सुधा, म्हणजे आमची ही, म्हणाली, अगं बाई, सणाला काळे तीळ? आमच्यात हे श्राद्धाला. सोजिन म्हणाली, मग बरोबर आहे आई, पहिले आजोबाच खाणार. दोघी हसत सुटल्या. सासू-सुनेचं तिथेच जमलं.

साचा मी नीट बघून ठेवला होता, फिटर माणूस ना. दोन फळ्या. खालच्या फळीवर गोल खुंट्या, खुंटीच्या डोक्यावर फूल कोरलेलं. वरच्या फळीला भोकं, ती थोडी उचलून टेकवायची. सारण भरून अंगठ्याने दाबायचं, मग वरची फळी खाली ढकलली की वड्या आपोआप वर येतात. इतकं हुशार काम, मी थक्क झालो.

त्या वर्षी सोल्लालच्या आधी संक्रांत आली. सोजिनची पहिली संक्रांत, म्हणून दोघी काळी साडी आणायला वेंबलीला गेल्या. मी घरात एकटा. मनात आलं, तीळ तेच, साचाही आहे, आपण नक्षीचा तिळगूळ करून दोघींना चकित करू. आणि मधाने काय होतंय, पाक पाहिजे. चिक्कीचा गूळ काढला, चांगला गोळीबंद पाक केला, तीळ घातले आणि गरम गरम ओतला साच्यात. गुळव्याचा मुलगा. पाच मिनिटांत दगड झाला. वरची फळी ना वर जाईना ना खाली. ढकलली, ओढली, शेवटी गॅरेजमधला हातोडा आणला आणि एकच ठोका दिला, हळू दिला हो, पण कट् असा आवाज आला. बघतो तर खालच्या फळीला केसाएवढी चीर. मग गरम पाण्यात भिजत घातला, गूळ निघाला, रेडिएटरवर वाळवला आणि होता तसा कापडात गुंडाळून ठेवला. दोघी आल्या तेव्हा मी बातम्या बघत बसलो होतो.

तीन आठवड्यांनी सोल्लाल. सुधा साचा धुवायला सिंकपाशी गेली आणि तिच्या हातातच त्या फळीचे दोन तुकडे झाले. रडली हो ती. सोजिन म्हणत राहिली, असू दे आई, जुना होता. आणि मी काय केलं, तर मी तो चिकटवला. मागून पितळेची पट्टी मारली, स्क्रू बसवले. सोजिनने बुसानला आईला फोन करून सांगितलं, बाबांनी आजीचा साचा वाचवला. मी तेही ऐकून घेतलं.

त्यानंतर अकरा वर्षं दर सोल्लालला सोजिन साचा माझ्या हातात देते आणि सुधा लांब ओट्यापाशी उभी. सोजिनने कधी अडवलं नाही तिला. तीच म्हणायची, नको बाई, माझ्या हाताला यश नाही. जिच्या हातच्या पुरणपोळ्या आपल्या मराठी मंडळात आधी संपतात, ती बाई असं म्हणायची, आणि मंडळातल्या बायकांनाही स्वतःच सांगायची, मी सुनेच्या आजीचा साचा फोडला.

यंदा कार्डिफला तिने परत तेच म्हटलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, सुधा, तो मी फोडला. सगळं सांगितलं, हातोड्यापर्यंत. सोजिनचा मधाचा चमचा तसाच हवेत. निखिल म्हणाला, बाबा, सीरियसली? सुधाने मात्र हात धुतले, पुसले, माझ्यासमोरचा साचा ओढून घेतला आणि मला म्हणाली, उठा.

पहिल्या दोन वड्या मोडल्या. सोजिन म्हणाली, आई, मध थोडा अजून. तिसरी अख्खी निघाली, पाकळी न् पाकळी उठलेली. सुधाने ती तळहातावर धरून बघितली, बराच वेळ बघितली. मग सोजिनला म्हणाली, लाव बुसानला फोन.

व्हिडिओवर विहीणबाईंपुढे मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मी मराठीत, निखिल इंग्लिशमध्ये, सोजिन कोरियनमध्ये. विहीणबाई काहीतरी बोलल्या आणि सोजिनला हसू आवरेना. म्हणाली, आई विचारतायत, तिळगूळ तरी चांगला झाला होता का? म्हटलं, जळका लागत होता. तेव्हा सुधा हसली. माझ्याकडे बघून नाही, फोनकडे बघून हसली.

परत येताना लंडनला ट्रेनमधून उतरताना सुधा म्हणाली, अहो, बुसानला कळलं, पण मंडळात कोण सांगणार? तिथे अकरा वर्षं मीच सांगितलंय. म्हणून मी तुम्हाला घरी बोलावलं. मंडळाच्या अंकात छापा, माझं नाव घालून छापा. साचा सुधाने फोडला नाही, मी फोडला, आणि रडत होती तेव्हा मी गप्प बसलो. हातोड्यापेक्षा ते मोठं आहे, तेही लिहा.

माझं वय आता अठ्ठ्याहत्तर. बायको बोलते आहे, सून फोन करते, डब्यात दाशिक आहेत, सुधाने पाडलेले, तुम्ही दोन घ्या. देव सगळ्यांचं भलं करो. लिहून झालं की आत जाऊन तिला वाचून दाखवा. मी तोवर बागेत थांबतो.