चिठ्ठीतली दोन अक्षरं

रम्सीस : …पेन दे पोरी, सही करतो आणि सुटतो.

नवाल : नाही देत. उस्ता, कागद तुम्ही स्वतः वाचलात?

रम्सीस : विभागप्रमुख बहगतनं वाचून दाखवला. माझ्या हलगर्जीपणामुळं चुकीचं कार्ड उपटलं गेलं, इस्पितळाचं नेटवर्क दोन तास बंद पडलं. खोटं काय त्यात? उपटलं मीच.

नवाल : आणि खालची ओळ? ‘मला कामावरून काढल्यास माझी हरकत नाही.’

रम्सीस : …ही नाही वाचली त्यानं. नुसती ताकीद मिळेल म्हणाला.

नवाल : वाचेल कशाला! पेन्शनला चौदा महिने उरलेत तुमच्या. बरं, त्याची चिठ्ठी काय होती?

रम्सीस : ‘तिसऱ्या कपाटातलं एफसी बदला.’ बस, एवढंच.

नवाल : आणि नेटवर्कच्या त्या कपाटात एफसी किती?

रम्सीस : दोन. पंखे चालवतं ते फॅन कंट्रोलर. नेटवर्कची सगळी वाहतूक ज्यातून जाते ते फॅब्रिक कार्ड. दोन्हींवर एफसीच छापलंय, मेल्यांनी! मी दुसरं उपटलं.

नवाल : मग विचारायचं होतं!

रम्सीस : भर दहा जणांत? सगळं तान्ता शहर मला उस्ता, पक्का कारागीर म्हणतं, आणि मी बाशमुहंदिससाहेबांना, मोठ्या इंजिनिअरला विचारू, एफसी म्हणजे कुठलं हो? तू विचारतेस कधी?

नवाल : …नाही. गेल्या महिन्यात ‘एमसी लावा’ अशी त्याचीच चिठ्ठी आली, त्याचेही दोन अर्थ; तेव्हा अंदाजानंच लावलं. नेमकं बरोबर निघालं, म्हणून आज शहाणपण शिकवतेय. नाहीतर या खुर्चीत मी असते.

(बहगत आत येतो.)

बहगत : झाली सही? संचालक खोळंबलेत.

नवाल : बाशमुहंदिस, चिठ्ठीतलं एफसी म्हणजे कुठलं?

बहगत : हा काय प्रश्न झाला? कुणालाही कळतं ते.

नवाल : मला नाही कळत. पंख्याचं की दुसरं?

बहगत : अगं… कामावरून लक्षात येतं ना.

नवाल : कुठलं?

बहगत : यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीच्या पत्रात एफसी होतं. मी तसंच उतरवलं.

नवाल : त्यांना विचारलंत?

बहगत : मी? विभागप्रमुखानं असलं विचारायचं? हसले असते तिकडं.

रम्सीस : म्हणजे तुलाही माहीत नव्हतं. आणि पोटावर पाय माझ्या!

बहगत : उस्ता, हळू. दार उघडं आहे.

रम्सीस : असू दे उघडं. बत्तीस वर्षं तारा ओढून गुडघे गेले माझे, आणि घाबरत होतो कशाला, तर तुझ्या हसण्याला! तूही त्याच भीतीत, नुसता टाय लावून.

बहगत : बरं, शेवटची ओळ खोडतो.

रम्सीस : खोडू नको. नवा कागद घे. लिही : दोघांनाही माहीत नव्हतं, दोघांनीही विचारलं नाही.

बहगत : माझी नोकरी जाईल, उस्ता. घरी चार तोंडं आहेत.

रम्सीस : माझ्या घरी काय माणसं नाहीत, कबुतरं आहेत? दोघांना एकदम काढलं तर उद्या नेटवर्क बघणार कोण? एकेकट्याला काढणं सोपं असतं, बाबा. बस इथं.

नवाल : घ्या पेन, बाशमुहंदिस. आणि चहाही घ्या.

बहगत : …‘दोघांनाही’ कुठं लिहू? सुरुवातीलाच?

रम्सीस : सुरुवातीलाच. नवाल, तू कंपनीला फोन लाव. पंख्याचंच कार्ड बदलायचं होतं ना, ते नक्की कळू दे.

नवाल : लागला. मी बोलू?

रम्सीस : दे इकडं… हॅलो? मी रम्सीस, इस्पितळात तारांचं काम बघतो. तुमच्या पत्रातलं ‘एफसी’ मला समजलं नाही. जरा सांगता?