हिंमतरावांनी शोधलेला शिपाई

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या शिक्षण संस्थेच्या आधारस्तंभ, आदरणीय सिंधूताई; व्यासपीठावर विराजमान सर्व मान्यवर; आजचे सत्कारमूर्ती, आपल्या शाळेचे वरिष्ठ लिपिक हिंमतराव आणि त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या सौ. आशाबाई; आजी-माजी शिक्षक, पालक, विद्यार्थी; आणि पहिल्या रांगेत, आग्रह करूनही मधल्या खुर्चीवर न बसता कडेला जाऊन बसलेल्या श्रीमती कौशल्याबाई उमाळे. आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मी शरच्चंद्र पाठक. या शाळेत एकोणतीस वर्षं इतिहास शिकवला. सभागृहातल्या निम्म्या लोकांना मी कधी ना कधी बाकावर उभं केलं आहे, त्यामुळे आज मला इथे उभं केलं तर तक्रार करता येत नाही. सिंधूताईंनी दहा मिनिटं दिली आहेत. इतिहासाच्या मास्तराला दहा मिनिटं देणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक असावं, कारण त्याही माझ्याच वर्गात होत्या.

आज एकतीस मे. आपल्या धामणगाव बढ्यातच नव्हे, तिकडे जळगाव जामोदपासून खाली लोणारपर्यंत आज किती निरोप समारंभ चालले असतील, कल्पना करा. शाल-श्रीफळांचा तुटवडा पडत असेल. कारण काय? आपल्या पिढीतली अर्धी माणसं एक जूनला जन्मली. म्हणजे जन्मली नाहीत, तशी लिहिली गेली. बाप पोराला घेऊन शाळेत यायचा, मास्तर विचारायचे, जन्म कधीचा? बाप म्हणायचा, मोठ्या पुरानंतरचा. मास्तर पोराकडे नीट बघून एक साल ठरवायचे आणि पुढे एक जून टाकायचे. हिंमतराव त्यातलेच. त्यांच्या आईच्या म्हणण्याप्रमाणे ते पोळ्याच्या सुमाराला जन्मले. म्हणजे सरकार आज त्यांना तीन महिने आधीच घरी पाठवतं आहे. आशाबाई, त्या तीन महिन्यांबद्दल सरकारच्या वतीने मी आपली क्षमा मागतो.

हसा, हरकत नाही. पण ही एक जूनची गोष्ट लक्षात राहू द्या.

निवृत्तीनंतर रिकामा माणूस काय करतो? मी एक उद्योग अंगावर घेतला. या पंचक्रोशीतून पायदळात गेलेल्या आणि एकाहून जास्त युद्धं पाहिलेल्या सैनिकांची नोंद करायची. बासष्ट, पासष्ट, एकाहत्तर. त्यांची नावं एका शिळेवर कोरून ती गावाच्या वेशीत बसवायची, असं ग्रामसभेत ठरलं. यादीचं काम माझ्याकडे आलं. मी घरोघरी गेलो, सेवापुस्तिका पाहिल्या, पदकं पाहिली. आपल्याकडच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर आणि नाव बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. ते भिंगाखाली धरून उतरवून घेतलं. माझा नियम एकच होता. कागद नाही तर नाव नाही. त्या नियमाचा मला फार अभिमान होता. पत्रव्यवहार सगळा हिंमतराव करायचे, शाळा सुटल्यावर, स्वतःच्या वेळात. ते श्रेय मी प्रत्येक सभेत एकट्याने घेतलं, हेही आज सांगून टाकतो.

दोन वर्षांपूर्वी कौशल्याबाई शाळेच्या ऑफिसात आल्या. मी तिथे यादी घेऊन बसलो होतो. त्यांचे यजमान किसनराव उमाळे यांना जाऊन तेव्हा चौदा-पंधरा वर्षं झाली होती. गावात किसनराव म्हणजे काय, हे जुन्या लोकांना आठवत असेल. आपण पलटणीत होतो, असं त्यांनी कधीतरी एकदा सांगितलं होतं, पण कागद कधी कुणाला दाखवला नाही. दहा-अकरा वर्षांत परत आले म्हणून पेन्शन नव्हती, आणि पेन्शन नाही म्हणून कुणाचा विश्वास नव्हता. पारावर त्यांना ‘जनरलसाहेब’ म्हणायचे. तेही हसून घ्यायचे. डाव्या पायाची दोन बोटं नव्हती. कडबा कुट्टीत गेली, असं ते स्वतःच सांगायचे.

कौशल्याबाईंनी पदराची गाठ सोडली आणि माझ्यापुढे पाच पदकं ठेवली.

म्हणाल्या, “सर, दगडावर नावं लिवून राह्यले म्हने. यायचंबी लिवा.”

मी भिंग काढलं. पाचही पदकांच्या कडेवर एकच नंबर होता आणि एकच नाव. शिपाई गुलाबराव. आडनाव नाही, काही नाही. मी विचारलं, गुलाबराव कोण? त्यांनी मान हलवली. त्या घरात त्या नावाचं कुणी त्यांनी पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं.

तेव्हा मी काय बोललो, ते आज जसंच्या तसं सांगतो. मी म्हणालो, “बाई, ही पदकं दुसऱ्याची आहेत. कुठे बाजारात मिळाली असतील. ज्याची असतील त्याच्या घरी पोचवा. कुणा शूर माणसाची वस्तू अशी ठेवू नये.”

त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “खोटं बोलाची सवय नव्हती त्यायले.” पदकं एकेक करून पुन्हा पदरात बांधली आणि चालत्या झाल्या. मी यादीत किसनराव उमाळे या नावापुढे फुली मारली. लाल शाईने.

हिंमतराव शेजारच्या टेबलावर बसून हे सगळं ऐकत होते. त्यांची सवय आपल्याला माहीत आहे. त्यांना काही पटलं नाही की ते चष्मा पुसतात. त्या दिवशी त्यांनी चष्मा बराच वेळ पुसला. मग उठून आतल्या खोलीत गेले आणि शाळेचं सगळ्यात जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढून बसले.

इथे मला लिपिक या माणसाबद्दल थोडं बोलू द्या. आम्ही शिक्षक पुस्तकं वाचतो. लिपिक रकाने वाचतो. एखाद्या रकान्यात जे असायला नको ते दिसलं, की त्याला जेवण जात नाही.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. “सर, थोडे येऊन जा बरं.” गेलो. रजिस्टर उघडं होतं, सन एकोणीसशे एकावन्नचं पान. तेव्हा आपल्याकडे पहिलीपासून वर्ग होते. एकाच दिवशी दाखल झालेले दोन भाऊ, एकाखाली एक. गुलाब उमाळे, जन्म एक जून त्रेचाळीस. किसन उमाळे, जन्म एक जून पंचेचाळीस. मी म्हटलं, भाऊ होता तर. हिंमतरावांनी बोट शेवटच्या रकान्यावर नेलं, शेऱ्याच्या. गुलाबपुढे लिहिलं होतं, ‘मयत, ऑक्टोबर सत्तावन्न’. आणि त्याच्याखाली, वेगळ्या शाईत, ‘शाळा सोडल्याचा दाखला दिला, अकरा मार्च एकसष्ट’.

मला काही उमगलं नाही. हिंमतराव म्हणाले, “सर, मेलेल्या पोराले दाखला कायले लागते?”

साधा प्रश्न होता, पण एकोणतीस वर्षं इतिहास शिकवून मला तो सुचला नव्हता.

एकसष्ट साली किसनला भरतीला जायचं होतं आणि कागदावर तो सोळाही पूर्ण नव्हता. खरं वय किती होतं, देव जाणे. मास्तरांनी अंदाजाने टाकलेली एक जून ती. कदाचित तो बसतही असेल वयात. पण कागद नाही म्हणत होता. म्हणून तेव्हाच्या हेडमास्तरांनी त्याला मेलेल्या भावाचा दाखला काढून दिला. चूक केली म्हणा, माया केली म्हणा. त्या दिवसापासून किसन उमाळे पलटणीत गुलाबराव झाला. आणि गावी परतल्यावर हा माणूस जन्मभर या भीतीत राहिला की खोटं नाव लावलं म्हणून एक दिवस कुणीतरी दारात येईल. म्हणून कागद दाखवले नाहीत. घरात आईने थोरल्याचं नाव घेणं बंद केलं होतं, ते यांनीही घेतलं नाही.

पण हा सगळा आपला तर्क झाला. हिंमतरावांना तर्क चालत नाही. त्यांनी पदकावरचा नंबर घालून पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज लिहिला. अर्ज वारसाचाच लागतो, म्हणून कौशल्याबाईंचा अंगठा घ्यायला चार वेळा त्यांच्या शेतावर गेले. पत्र हिंदीत होतं, पण ‘वरील विषयास अनुसरून’ काही त्यांच्याने सुटलं नाही. पहिल्या पत्राला उत्तर नाही. दुसऱ्याला उत्तर आलं की अमुक कागद जोडा. तिसऱ्यानंतर, चौदा महिन्यांनी, लिफाफा आला. त्यांनी मला बोलावलं आणि खुर्ची पुढे केली. “बसूनच वाचा, सर.”

एकच पान होतं. मी बासष्टचं युद्ध एकोणतीस वर्षं शिकवलं, दीड पानाचा धडा, परीक्षेला चार गुण. आणि माझ्या हातात हे पान होतं. अठरा नोव्हेंबर बासष्ट, बेपत्ता. सात डिसेंबर बासष्ट, स्वतःहून हजर. बस्स. दोन ओळींच्या मध्ये एकोणीस दिवस. ज्याने आयुष्यात आपल्याकडच्या पौषाच्या गारठ्यापलीकडे थंडी पाहिली नव्हती, तो सतरा-अठरा वर्षांचा पोरगा त्या बर्फाच्या डोंगरांतून एकोणीस दिवस चालत होता. काय खाल्लं असेल? कुणाच्या मागे चालला असेल? पुढची ओळ, हिमदंश, डाव्या पायाची दोन बोटं काढली. त्यापुढची, पलटणीत रुजू. कडबा कुट्टी म्हणे. आणि आम्ही शहाण्यांनी ते खरं मानलं होतं.

पासष्ट, पश्चिम सीमा, खांद्यात तोफगोळ्याची कपची, सात आठवडे इस्पितळ, पुन्हा रुजू. एकाहत्तर, पूर्वेकडची आघाडी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. प्रत्येक वेळी तोच शब्द, रुजू. मित्रहो, मी मोठमोठ्या राजांच्या बखरी वाचल्या आहेत. पण त्या एका शब्दापुढे मला माझं वाचन फार लहान वाटलं. मी खुर्चीत बसल्या बसल्या हात जोडले. कुणाला, ते मला सांगता येणार नाही.

पण पान होतं गुलाबरावाच्या नावाचं. हिंमतराव म्हणाले, “खाली पाहा सर, वारसाच्या रकान्यात.” तिथे आधी आईचं नाव होतं, ते खोडलेलं. सन अडुसष्ट, आईच्या जागी पत्नी. पत्नीचं नाव, कौशल्या.

सत्तावन्न साली वारलेल्या गुलाबरावाला अडुसष्ट साली कौशल्या नावाची पत्नी कुठून असणार? आता कुणाला शंका घ्यायची सोय उरली नव्हती.

ते पान घेऊन आम्ही दोघं कौशल्याबाईंकडे गेलो. मी सगळं वाचून दाखवलं. युद्धांच्या ओळींना त्या नुसत्या ऐकत होत्या. स्वतःचं नाव आलं तेव्हा म्हणाल्या, “माह्यं नाव? त्यायले कोनं सांगतलं?” हिंमतराव म्हणाले, “किसनभाऊनंच सांगतलं, काकू. लगन झाल्यावर लिवून देल्लं.” त्या म्हणाल्या, कुठं हाय, दाखवा. हिंमतरावांनी त्यांचं बोट धरून त्या अक्षरांवर ठेवलं. बोट तिथून हलेना. आम्ही दोघंही अंगणाकडे बघत बसलो.

मग शिळेचा प्रश्न आला. लष्कराच्या कागदावर गुलाबराव, गावाच्या माहितीत किसनराव. कोरायचं काय? समितीत दोन बैठका झाल्या, आवाज चढले, मी दोन्ही बाजूंनी बोललो. शेवटी हिंमतराव म्हणाले, ज्यायचं नाव त्यायच्या घरीच इचारा ना. आम्ही विचारलं. कौशल्याबाईंनी पदकांची गाठ मांडीवर घेतली. जन्मात न पाहिलेल्या त्या थोरल्या दिराचा विचार करत असाव्यात. मग म्हणाल्या, “दोघायचंबी लिवा. येवढं एकट्याच्यानं होत नाई.”

येत्या पंधरा ऑगस्टला शिळा बसेल. चोवीस सैनिकांच्या ओळी आहेत. त्यातल्या एका ओळीत दोन नावं असतील.

हिंमतराव, तुम्ही तेहतीस वर्षं या शाळेत हजारो दाखले दिले. हे काम तुमच्या नोकरीच्या पुस्तकात कुठल्याच रकान्यात बसणार नाही. माझ्या ओळखीत तुमच्याइतका मोठा इतिहास संशोधक नाही, आणि हे मी शाल मिळालेल्या माणसाला खूश करायला म्हणत नाही. आशाबाई, हिंमतरावांच्या त्या सगळ्या संध्याकाळी तुम्ही आम्हाला दिल्यात, तुमचं ऋण आहे. संस्थेचे, सिंधूताईंचे आणि इतक्या उन्हात आलेल्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

बोलण्याच्या ओघात वेळ जास्त घेतला, कुणाची थट्टा केली, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर ते सगळं पोटात घालावं. एका चुकीला मात्र ही सवलत देऊ नका. कौशल्याबाई, तुमच्या यजमानांची पदकं हातात घेऊन मी त्यांना खोटं ठरवलं. ती माझी चूक होती आणि भरल्या सभेत मी तुमची क्षमा मागतो. तुम्ही क्षमा केलीत तरीही तिची नोंद राहू द्या. हिंमतराव, तुमची नोकरी आज संध्याकाळपर्यंत आहे. तोवर माझ्या चुकीचं हे एक वाक्य तुमच्या अक्षरात शाळेच्या दप्तरी लिहून ठेवा. खाली मी सही करतो.