चटईवर ठेवलेला दात

नाही, पुढं सरकवू नकोस तो. असू दे तिथंच, चटईच्या कडेला. मी हात लावला की मिटलं ना सगळं – मग तू उठणार, कपडे झटकणार, निघून जाणार. एवढ्या लवकर नाही हं, नेमानी. आणि एकटाच कसा आलास रे? देवमाशाचा दात घेऊन माफी मागायला कुणी एकटं येतं? पुढं काका लागतात, मामा लागतात, चार शब्द बोलणारा म्हातारा लागतो. काय, ते येत नाही म्हणाले? खेळातल्या माराला दात कसला, असं म्हणाले? बरोबरच आहे त्यांचं. मैदानावरचा मार मैदानावर सोडून यायचा, असंच चालत आलंय आपल्यात. आमच्या केलेपीनं, माझ्या नातवानं, फ्रान्समध्ये एकाचा जबडा मोडला, तेव्हा आम्ही कुठं दात नेला? डुक्कर कापलं आम्ही! अख्ख्या गावाला जेवण घातलं! – डोळ्याकडं काय बघतोस? नीरफणस पडला. झाडाखाली उभी होते, आला नि नेमका डोळ्यावर बसला. बस नीट.

आत? आत केलेपीच आहे. झोपलाय. झोपेत पाय मारतो, भिंतीला लागतात, त्याचा आवाज. हळू बोलू आपण.

लोक म्हणतात फ्रान्सवाल्यांनी त्याला रग्बीचा विंगर केला, रेषेच्या कडेनं पळणारा. फ्रान्सवाले काय करतात! मी केला, या हातांनी. सात वर्षांचा होता, आई तिकडं सुवा शहरात कपड्यांच्या कारखान्यात, बाप जहाजावर गेला तो गेलाच – पोरगं माझ्या पदरात. आणि भित्रं किती! तुम्ही मोठी पोरं नदीच्या वाळूत खेळायचात, बाटलीला चिंध्या गुंडाळून – तू होतास की त्यात, शेंबूड ओढत – नि याच्या हातात चेंडू आला, समोर कुणी दिसलं, की हा रेषेबाहेर. मार चुकवायला! लाज वाटायची मला. मग मी काय केलं? पेरूची ओली छडी तोडली नि रेषेवर जाऊन उभी राहिले. बाहेर पाऊल पडलं की सप्प पोटरीवर. आत गेला की तुम्ही तुडवायचात, बाहेर आला की मी. जाणार कुठं? मधली बोटभर वाट उरली, तिच्यावरून पळायला शिकला. रक्त यायचं पोटऱ्यांतून. पण शिकला. पुढं टीव्हीवर ते गोरे म्हणायचे, या अकरा नंबरला न बघता रेषा कळते! रेषा कसली, छडी कळायची.

तेराव्या वर्षी शहरातल्या शाळेनं नेला, एकोणिसाव्या वर्षी फ्रान्सनं. डोंगरातलं कसलंसं गाव, बर्फाचं. फोनवर रडायचा पहिल्यापहिल्यांदा. दुसरी कुणी विचारेल जेवलास का, मी विचारायची – कुणाला पाडलंस? पाठीमागचा खांब बघ. दिसतात कोळशाच्या रेघा? मला अक्षर येत नाही, रेघ येते. उभी रेघ म्हणजे ट्राय, चेंडू पार पलीकडं नेऊन टेकवला तो. एकसष्ट आहेत, सहा वर्षांच्या. आडव्या? त्या ट्राय नव्हेत. आडव्या म्हणजे याचा खांदा लागून ज्यांना उचलून बाहेर न्यायला लागलं, ती माणसं. सात. एकाची बरगडी आत घुसली होती म्हणे. मी रेघ ओढली नि चहा ठेवला. आणि याला उचलून नेलं ते? ते नाही मोजलं. तीनदा असेल, चारदा असेल. तसली रेघ कोण ओढतं घरात.

आता तुझ्या आईचं. वीस वर्षं बाजारात शेजारी बसतो आम्ही, ती खेकडे घेऊन, मी अळकुड्या घेऊन. फ्रान्समधल्या फायनलला तू एका बाजूनं, हा दुसऱ्या बाजूनं – दोन्ही पोरं नदीच्या एकाच वाळूतली – बाजारात दुसरा विषय नव्हता. तुझी आई मोठ्यानं म्हणते, सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं, ‘माझा नेमानी तुझ्या केलेपीला रेषेबाहेर भिरकावणार, करवंटी भिरकावतात तसा! जाळं घेऊन उभी राहा म्हातारे, झेलायला!’ हसल्या सगळ्या. मी गप्प बसणार? मी? म्हटलं, ‘जा गं खेकडेवाली! माझ्या पोराच्या डोक्याला मार बसलाय, एकाचे दोन चेंडू दिसताहेत त्याला, तरी तुझ्या पोराला पुरून उरेल!’ काय हशा झाला! काय बरं वाटलं मला! दोन अळकुड्या फुकट दिल्या तुझ्या आईला.

आणि तिनं संध्याकाळी तुला फोन केला.

मान खाली घालू नकोस. मी विचारत नाहीये, सांगतेय. तिच्या मनात काही नव्हतं, हसत हसतच सांगितलं असेल. तू ते तुमच्या संघाच्या मास्तराच्या कानावर घातलंस, हो ना? मी सामना बघितला रे. मुखियाच्या घरी बघितला, रविवारी सकाळी. रविवारी गावात चेंडूला हात लावायची बंदी, पण पाद्रीबाबानंच प्रार्थनेचा ढोल तासभर उशिरा वाजवायचं कबूल केलं होतं. सगळे ओरडत होते, मी मोजत होते. तुमच्या लाथेनं पहिला चेंडू वर गेला, ढगात, सरळ केलेपीच्या डोक्यावर. दुसरा – त्याच्याच डोक्यावर. तिसरा, चौथा. दुसऱ्या कुणाकडं एक नाही! नि हा हात वर करून चेंडूच्या वीतभर बाजूची हवा धरतोय. लोक म्हणाले, आज काय झालंय याला? मला माहीत होतं काय झालंय. नि तुम्हाला कुणी सांगितलं तेही माझ्या ध्यानात आलं, तिथंच, त्या खोलीत, हातात फुटाण्यांची वाटी होती माझ्या.

सातवा त्यानं धरला. खरा चेंडू धरला. दोन्ही पाय अजून हवेत, नि तू खालून आलास. मांड्यांत हात घालून उचललंस, पाय आभाळाकडं, डोकं मातीकडं – अळकुडीचा कोंब रोवते ना मी, तसा रोवलास. तू लाल कार्ड घेऊन गेलास, रडत गेलास, दिसलं मला. नि मी काय करत होते सांगू? मी ओरडत होते, ‘ऊठ! ऊठ म्हणते ना!’ हात चटईवर फिरत होता माझा. छडी शोधत होता.

त्यानं विचारलं होतं मला. आधीच्या बुधवारी. ‘बूबू, उजेड सोसत नाही, एकाचे दोन चेंडू दिसतात. डॉक्टरला सांगितलं तर बसवतील. सांगू का?’ पंचवीस वर्षांचा पुरुष, जहाजाच्या दोराएवढे दंड, नि आजीला विचारतोय, सांगू का. मी म्हटलं, ‘दोन दिसतात? मग दोन्ही धर.’ हसला तो. हसला बिचारा. ‘बरं, बूबू.’

आता चालतो, जेवतो. तुझं नाव घेतलं तरी ओळखत नाही. आईला ओळखत नाही. मला ओळखतो. मी दारात दिसले की पोटऱ्या झाकतो आधी. मग उठतो नि –

नीरफणस नव्हता तो, कळलंच असेल तुला. परवा माझा दात पडला एक, त्याच्या आदल्या आठवड्यात मनगट मोडलं. दीर म्हणतो, शहरातल्या दवाखान्यात ठेवू, बांधून ठेवतील. मी नाही म्हणते. खांद्याचा मार मीच शिकवलाय, बाहेरच्यांनी का खावा?

असा रडू नकोस, माझी चटई भिजवतोस. आण तो दात इकडं. हं, जड आहे, चांगल्या घरातला आहे, आजोबाच्या पेटीतून काढून आणलास वाटतं. घेतला. बघ, दोन्ही हातांनी घेतला. मिटलं तुझं. टाळ्याही वाजवते, पोकळ हातांच्या, रीतीप्रमाणं – एक – दोन – तीन.

झालं, जागा झाला तो. ऐकलंस?

ऊठ आता. मागच्या दारानं जा. दात आता माझा ना? माझा, म्हणजे मी कुणापुढंही ठेवू शकते. आत जाते, बसते त्याच्यासमोर, तू बसलास तशीच, मान खाली घालून. घेईल, नाहीतर डोक्यात घालेल. तू मधे पडायचं नाहीस! तुझं मिटलंय. नदी ओलांडेपर्यंत वळू नकोस, कसलाही आवाज आला तरी. आणि आईला यातलं – काही सांगू नकोस. बाजारात खूप सांगून झालंय.

आले रे, केलेपी, आले.

जा म्हणते ना!