लाल गाडीचा मुख्य चालक

(जुन्या गाड्यांच्या दुकानामागची विम्याची खोली. काचेबाहेर दोन गाड्या उभ्या आहेत, एक लाल आणि एक राखाडी.)

आजोबा : नाही बसणार तुमचा विश्वास. आजवर कुणाचाच बसलेला नाही, तर तुमचाच कशाला बसेल? पण हे लायसन्स बघा, बाई. चाळीस वर्षांचं आहे. एक डाग दाखवा यावर.

विमेवाली : डाग नाही, ते दिसतंय मला. मी विचारलं ते वेगळंच होतं, आजोबा. ती लाल गाडी रोज चालवणार कोण?

आजोबा : चाळीस वर्षांत दंडाची एक पावती नाही. कुत्र्याच्या शेपटीलासुद्धा माझं चाक लागलेलं नाही. उलट कुत्री माझी वाट बघत रस्त्याकडेला थांबायची. म्हणायची, हा माणूस भरवशाचा, हा आला की ओलांडू.

भिंगरी : आजोबा, लाल गाडीत कुणीतरी बसलंय.

आजोबा : बसू दे. नुसतं बसल्यानं गाडी कुणाची होत नाही.

भिंगरी : नवराबायको आहेत. ती आरसा वळवून स्वतःचे केस बघतेय. झालं! केस बघितले की घेतातच.

विमेवाली : तू बस गं जरा. मघापासून येरझाऱ्या घालतेयस, फरशी झिजेल माझी.

आजोबा : ती बसेल कशी? आम्ही घरात हिला भिंगरी म्हणतो ते काय उगीच? पाळण्यातसुद्धा एका जागी ठरायची नाही नात माझी. एकदा तर पाळण्यासकट शेजारच्या घरी जाऊन आली होती.

विमेवाली : वय?

आजोबा : तेव्हा सहा महिने.

विमेवाली : आत्ताचं विचारतेय.

भिंगरी : अठरा पूर्ण. लायसन्स मिळून अकरा दिवस झाले. सोमवारपासून हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिकाऊ म्हणून लागतेय. सकाळी सहाची पाळी, आणि आमच्याकडून पहिली बसच पावणेसातला सुटते. दोन दिवस उशीर झाला की यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावणार, असं त्यांनी तोंडावर सांगितलंय. आणि आई म्हणालीय, विम्याचा कागद हातात असेल तरच गाडी दारात आणायची, नाहीतर लॅब विसरायची. तुम्ही बंद किती वाजता करता?

विमेवाली : पाचला. श्वास घे.

भिंगरी : चार वीस झालेत.

विमेवाली : घड्याळ मलाही दिसतं. हे बघ, मी उगीच गोड बोलत नाही. तुझं वय अठरा, लायसन्स अकरा दिवसांचं, आणि गाडी निवडलीस ती मोठ्या इंजिनाची. तिन्ही एकत्र दिसलं की आमच्या कंपनीला घाम फुटतो. म्हणून हा हप्ता.

भिंगरी : हा... पाच वर्षांचा ना?

विमेवाली : एका वर्षाचा.

भिंगरी : बाप रे.

विमेवाली : म्हणून म्हणते, ती राखाडी बघ. इंजिन लहान, तुझ्या स्वतःच्या नावावर करून देते, हप्ता याच्या निम्म्याच्याही खाली. नवशिक्या हाताला तीच बरी.

आजोबा : राखाडी! अहो, तिला गाडी म्हणता तुम्ही? पत्र्याचा डबा आहे तो, चाकं लावलेला. पावसात उभी केली तर लोक त्यात पाणी भरून ठेवतील. आणि एक सांगू का? काल ही पोरगी लाल गाडीत बसली तेव्हा स्टिअरिंगला हात लावायच्या आधी तिनं दोन्ही हात पुसून घेतले. मी पाहिलं. राखाडी गाडीसाठी कुणी हात पुसत नाही.

भिंगरी : आजोबा, मी नव्हते पुसले.

आजोबा : दोनदा पुसलेस. बाई, लिहा. मुख्य चालक म्हणून माझं नाव. हिचं खाली कुठेतरी, बारीक अक्षरात. मग होईल ना कमी?

विमेवाली : होईल. राखाडीच्या जवळपास येईल. पण मुख्य चालक म्हणजे आठवड्यातले जास्त दिवस जो चालवतो तो. पहाटे उठून रोज तुम्ही गाडी काढणार?

आजोबा : मीच नेणार, मीच आणणार. मला तशीही झोप नसते. माझ्याआधी कोंबडा उठला तर मी त्याला परत झोपवतो.

विमेवाली : एकदाच सांगते, दोघांनी ऐका. गेल्या वर्षी इथेच, याच खुर्चीत एक वडील बसले होते. त्यांनी स्वतःचं नाव घातलं, गाडी रोज मुलगा चालवायचा. आठव्या महिन्यात मुलानं एका स्कूटरवाल्याला उडवलं. कंपनीचा माणूस चौकशीला गेला. त्यानं बापाला काही विचारलंच नाही. खालच्या वॉचमनला विचारलं, रोज सकाळी गाडी कोण काढतं? वॉचमन बिचारा प्रामाणिक. कंपनीनं हात वर केले.

आजोबा : वॉचमन बदलायला हवा होता.

भिंगरी : त्या स्कूटरवाल्याचं काय झालं?

विमेवाली : पायाची दोन ऑपरेशन्स झाली. खर्च त्या वडिलांना पेलला नाही, कंपनीनं दिला नाही. चालतो आता. जरा एका बाजूला झुकून.

भिंगरी : म्हणजे त्यालाही काहीच मिळालं नाही?

आजोबा : अगं, ती माणसं खोटं बोलली. इथे कोण खोटं बोलतंय? बाई, तुम्ही पुढचा रकाना घ्या.

विमेवाली : अनुभव. काय काय चालवलंत?

आजोबा : बस. घाटातली. बत्तीस वर्षं.

भिंगरी : आजोबा.

आजोबा : तू खिडकीतून गाडीवर लक्ष ठेव. तर बाई, एकदा काय झालं, भर उतारावर ब्रेक गेले. थोडेथोडके नाही, ब्रेक रजेवरच गेले. उतार असा की पुढच्या चाकांना मागची चाकं डोक्यावर दिसत होती. आत पंचावन्न उतारू, एक शिलाई मशीन आणि सहा कोंबड्या. कोंबड्यांनी तर डोळेच मिटून घेतले.

विमेवाली : मग?

आजोबा : मी म्हटलं, घाबरायचं काम नाही. आभाळ भरलेलं होतं, जो तो छत्री घेऊन निघालेला. मी ओरडलो, सगळ्यांनी छत्र्या खिडकीबाहेर धरा, आणि मी इशारा दिला की एकदम उघडा!

विमेवाली : छत्र्या?

आजोबा : पंचावन्न. पन्नास काळ्या, चार फुलाफुलांच्या आणि एक मोडकी. ती मोडकी शेवटच्या सिटावरच्या म्हातारीची. काही केल्या उघडेना. तेव्हा मी जागेवरून उठलो, मागे गेलो, तिची काडी सरळ केली...

विमेवाली : मागे गेलात? आणि स्टिअरिंग?

आजोबा : म्हणजे... मनानं गेलो हो. देहानं तिथेच.

विमेवाली : आणि काडी मनानंच सरळ केलीत.

आजोबा : तुम्ही हसताय, पण ती म्हातारी पुढे दहा वर्षं तीच छत्री वापरत होती.

भिंगरी : त्या दोघांनी किल्ली मागितली. विक्रेता किल्ली आणायला गेला. आजोबा, ते चालवून बघणार आहेत.

आजोबा : बघू दे, पेट्रोल संपेल तेव्हा येतील. तर सगळे तयार झाले. पुढचं वळण शंभर पावलांवर, त्याखाली सरळ दरी. मी देवाचं नाव घेतलं, वरची घंटेची दोरी ओढली, ठण्ण! फटाफट पंचावन्न छत्र्या उघडल्या. आणि बस अशी अलगद थांबली, की झोपलेलं मूलसुद्धा उठलं नाही. मग डोंगर संपेपर्यंत तसंच. एकदा ठण्ण, छत्र्या बाहेर. दोनदा ठण्ण ठण्ण, छत्र्या आत. खाली पोचलो तेव्हा लोकांनी मला खांद्यावर घेतलं. शिलाई मशीनवाल्यानं तिथल्या तिथे एक शर्ट शिवून दिला.

विमेवाली : माप न घेता?

आजोबा : खांद्यावरच होतो ना, आपोआप घेतलं गेलं.

विमेवाली : धन्य आहात. दिवसभर या खोलीत कुणी हसवत नाही मला. चला, छत्र्यांचं मी लिहीत नाही. 'डोंगरी रस्ते, बस, बत्तीस वर्षं', एवढं पुरे. लायसन्स स्वच्छ आहेच. इथे सही करा, म्हणजे त्या नवराबायकोच्या आधी लाल गाडी अडवून ठेवायला सांगते.

आजोबा : आण गं पेन. बघ, मिळाली की नाही तुझी लाल गाडी? अशी काय उभी राहिलीस? इतका वेळ भिरभिरत होतीस, आता पाय चिकटले का?

भिंगरी : मॅडम, राखाडी गाडीचा फॉर्म किती वेळात होतो?

विमेवाली : दहा मिनिटं. का?

भिंगरी : तोच करा. माझं नाव लिहा. मुख्य चालक मी.

आजोबा : अगं, वेड लागलं का? माझी सही व्हायचीच बाकी आहे फक्त!

भिंगरी : नका करू. माझ्याकडून कुणाला लागलं, तर त्याला पैसे मिळायला हवेत.

आजोबा : लागेलच कशाला? जन्मभर हात चोळत बसशील त्या डब्यात.

भिंगरी : बसेन. आणि सोमवारी मला भीती वाटणार आहे, खूप. तुम्ही या माझ्याबरोबर. शेजारी बसा.

आजोबा : शेजारी? बत्तीस वर्षं बसचं स्टिअरिंग धरलेला माणूस मी, आणि शेजारी बसू?

भिंगरी : आजोबा, ती घंटेची दोरी कंडक्टर ओढतो.