अंशतः खरं

वाशी तालुक्यातल्या एका गावी, जनावरांच्या दवाखान्यात मोनिका आज रुजू व्हायला आली, तर दाराला कुलूप. शिपाई किल्ली आणायला गेलेला. ओट्यावर हरणाबाई अडलेली शेळी घेऊन बसली होती आणि शेजारी रामकिसन पेपर वाचत होता. मोनिका पिशवी मांडीवर घेऊन गुपचूप ऐकू लागली.

"वहिनी, आपल्या आमदारानं इधानसभेत इचारलं, इथं दोन वर्षं डॉक्टर न्हाय, हे खरं हाय काय?"

"मग? सरकार काय म्हणलं?"

"अंशतः खरं हाय, म्हणलं."

"म्हंजी?"

"थोडंच खरं. डॉक्टर न्हाय, पर खुर्ची हाय की."

"मग शेळीला खुर्चीवर बसवू का?"

"कुलूप तर निघू द्या."

"आमदार विरोधातला हाय म्हणून इचारलं तरी. सत्तेत असता तर त्यालाबी खुर्चीच दिसली असती."

"वहिनी, शेळी लई कण्हतीय."

मोनिकानं बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले आणि गुडघे टेकले.

"आजी, हिला घट्ट धरा. मी डॉक्टर."

घटकाभरानं करडू बाहेर आलं आणि कान झटकून ओरडलं. हरणाबाईनं डोळे पुसले.

"भावजी, आमदाराला फोन लावा."

"डॉक्टर आल्या म्हणून सांगू?"

"ते ऱ्हाऊ द्या. आता रस्त्याचं इचार म्हणावं."